साय आणि बाटली

८ जानेवारी

ती. बाबांना नमस्कार,

फोनवर तुम्ही "काय? काय म्हणतेस?" करत बसता आणि मी ओरडून ओरडून शेजाऱ्यांना आपल्या घरची बित्तंबातमी देते, म्हणून हे पत्र. वन्सं म्हणाल्या, पत्र लिही, वाचायला त्यांना आवडतं. तर लिहिते आहे.

काल शेडचं कुलूप काढलं. ह्यांना जाऊन वर्ष होत आलं, पण तिकडे पाऊल वळत नव्हतं. पिकअप होती तशीच उभी आहे. टप घासून पत्रा उघडा पडलेला, बॉनेटवर करडा प्रायमर, मागचा हौदा अजून आधीच्या मालकाच्या त्या भयंकर निळ्या रंगात. घासायचा कागद ह्यांनी डाव्या मडगार्डवर ठेवला होता, तो तिथेच होता. मी तो उचलला, झटकला आणि पुन्हा तिथेच ठेवला.

भंगारातून ही गाडी आणली तेव्हा ह्यांनी तुम्हाला शब्द दिला होता: "बाबा, जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या रंगवल्यात, आता एक तुमच्या दारात आणून उभी करतो, फॅक्टरीतून निघाली तशी." तो शब्द आता माझ्याकडे आलाय असं मी धरते. गाडी मी पुरी करणार. दुकान संध्याकाळी बंद केलं की मी मोकळीच असते. पण मला शिलाई येते, रंगकाम येत नाही. कापडावर चुकलं तर उसवता येतं, पत्र्याचं काय करायचं?

तुम्ही फॅक्टरीत याच गाड्यांवर रंगाच्या रेषेसाठी चिकटपट्टी लावलीत. वरचा रंग कुठे संपतो, खालचा कुठे सुरू होतो, आधी कुठला मारायचा, सगळं नीट लिहून पाठवा. जेवण वेळेवर घ्या. वन्संशी भांडू नका.

तुमची सून


१७ जानेवारी

टेलरबाई,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. तुझं अक्षर चांगलं आहे. आमच्या राजेंचं म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून चालल्यासारखं. लहानपणापासून नुसते हुकूम सोडायची सवय, म्हणून तर मी त्याला राजे म्हणायचो. लिहायचं काम आमच्यासारख्यांचं.

आता डोळ्यांत तेल घालून वाच. वरचा रंग दुधावरच्या सायीसारखा, त्याला आम्ही सायच म्हणायचो. खालचा हिरवा, काचेच्या बाटलीचा असतो तसा, ती बाटली. आधी साय. टप, खिडक्यांच्या कडा आणि रेषेच्या खाली वीतभर. ती पूर्ण वाळू दे. मग पट्टी लाव, वरचा भाग कागदाने झाक आणि मग बाटली मार. हलका आधी, गडद नंतर. गडद हलक्याला झाकतो, हलका गडदला झाकत नाही. हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

रेष पत्र्याच्या कंगोऱ्यावर नाही येत. नवशिके तिथेच फसतात. कंगोऱ्याच्या बोटभर खाली. आणि पट्टीला आमच्याकडे माणसं दोन. डाव्या बाजूला मी, म्हणून मला सगळे डाव्या म्हणायचे. पलीकडे उजव्या. बॉनेटच्या टोकाला दोघं एकदम सुटायचो, पट्टी ओढत ओढत खिडक्यांखालून मागे जायचो, आणि केबिनच्या पाठीमागे, काचेखाली, दोन पट्ट्या भेटायच्या. माप नाही, दोरी नाही. नजर आणि अंगठा. भेटताना नखाएवढी पायरी राहायचीच. फोरमन यायचा, वाकून बघायचा आणि म्हणायचा, "अरे, लग्न लावलंत खरं, पण नवरा-नवरीच्या उंचीत एवढा फरक?" मी म्हणायचो, "साहेब, संसार चालतो की नाही ते बघा." उजव्या पोट धरून हसायचा. तोही गेला आता.

ती पायरी ठेव. तीच फॅक्टरीची खूण. सरळ केलीस तर गाडी कुठल्याही गल्लीतल्या रंगाऱ्याची वाटेल.

घाई करू नकोस. गाडी झाली की तू कशाला मला लिहिशील? मागच्या काचेचा रबर खराब असणार. नवा आणलास का, कळव.

बाबा


११ फेब्रुवारी

ती. बाबांना नमस्कार,

तुमच्या टेलरबाईच्या बोटांची सालं निघाली आहेत. गिऱ्हाईक म्हणतं, बाई, सुई धरता येते ना? मी म्हणते, सुईच धरता येते, बाकी काही नाही. निळा रंग सगळा उतरवला. पत्र्यातले खड्डे लांबीच्या लगद्याने भरले. वरून प्रायमर दिला. गल्लीच्या टोकाला एक पेंटर आहे, त्याच्याकडे कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन आहे. गन तोच चालवणार, बाकी हातकाम माझं. माणूस बरा आहे, पण बोलतो फार.

रबर आणला. आणि बाबा, जुना रबर सोडवताना काय झालं ते ऐका. काचेच्या कडेला रबराखाली अंगठ्याएवढा पट्टा मूळ रंगाचा तसाच राहिला होता! साय आणि बाटली. ऊन लागलेलं नाही, निळा पोचलेला नाही. आणि बरोबर मधोमध, तुम्ही लिहिलीत तशी नखाएवढी पायरी. मी नख लावून पाहिलं, बरोबर तेवढीच. ही तुमचीच पट्टी असेल का? इतक्या गाड्यांतून राजेंनी नेमकी तुमच्या हातची आणली असेल का? त्यांना माहीत असतं तर गावभर सांगत सुटले असते.

पेंटर म्हणाला, "ताई, ही पायरी मी काढून देतो, एकदम सरळ." मी म्हटलं, "पायरीला हात लावलात तर बघा." तो बिचारा गप्प झाला, पाच मिनिटं.

तुमची तब्येत कशी आहे? वन्सं फोनवर जरा तुटक बोलल्या. काही झालंय का?

तुमची सून


२० फेब्रुवारी

टेलरबाई,

मला काही झालेलं नाही. तुझी वन्सं नोकरीवरून दमून येते आणि माझ्यावर डाफरते, एवढंच. इथे वरच्या मजल्यावर माणूस काय करणार? खिडकीतून दुसऱ्याच्या खिडक्या बघायच्या.

प्रायमर दिलास ते ठीक. पण तू लिहितेस त्यावरून तो फार गुळगुळीत झालेला दिसतो. गुळगुळीतावर रंग धरत नाही. पुन्हा घास. हात आखडू नकोस.

फोरमनची एक गंमत तुला सांगितली का कधी? दोन पट्ट्या मागे भेटायच्या ना, तिथे थोडी पायरी राहायची. फोरमन वाकून म्हणायचा, नवरा-नवरीच्या उंचीत फरक आहे. मी म्हणायचो, साहेब, संसार चालतो की नाही ते बघा. सगळं पेंट शॉप हसायचं.

पट्टी कंगोऱ्याच्या वर लावायची, बोटभर वर. लक्षात ठेव. आणि मागच्या काचेचा रबर बदल बरं का. आणलास का?

बाबा


६ मार्च

ती. बाबांना नमस्कार,

बाबा, रबर आणला. मागच्या पत्रात लिहिलं होतं. तुम्ही माझी परीक्षा घेताय की काय?

सगळा प्रायमर पुन्हा घासला. रबराखालचा तो जुना पट्टा बिचारा त्यातच गेला, त्याच्यावर लांबी भरावी लागली. मला फार वाईट वाटलं, पण तुम्ही म्हणालात घास, तर घासलं. आता एक सांगा. पहिल्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं रेष कंगोऱ्याच्या बोटभर खाली. आता लिहिता वर. पेंटरने दोन्ही पत्रं वाचली आणि माझ्याकडे असा बघत राहिला की मलाच ओशाळल्यासारखं झालं. मी म्हटलं, आमचे सासरे जन्मभर हेच काम करत होते, त्यांना ठाऊक असेल. पण नेमकं काय ते एकदा ठरवून कळवा.

आणि रंगाचं पक्कं करते: आधी साय, मग बाटली. पेंटरही तेच म्हणतो. या महिन्याअखेर गन हातात घ्यायची म्हणतोय. गाडी झाली की पहिली फेरी तुमच्या दारापर्यंत. मी चालवणार. घाबरू नका, ह्यांनी मला शिकवलं होतं.

तुमची सून


१५ मार्च

टेलरबाई,

पेंटरला काय कळतंय? पेंट शॉपमध्ये मी उभा होतो की तो? आणि घरची पत्रं परक्या माणसाला वाचायला का देतेस?

ह्या मॉडेलला आधी बाटली. सगळी गाडी बाटली, मग खालचा भाग झाकायचा आणि वर साय. आधी मी लिहिलं ते दुसऱ्या मॉडेलचं. रेष खाली. वर कोण म्हणालं?

तुला माझ्यावर विश्वास नसेल तर विचारू नकोस.

बाबा


२ एप्रिल

बाबा,

हे पत्र मी चार दिवस लिहायला घेतलं नाही. रागात लिहू नये म्हणून थांबले. राग गेला नाही, तेव्हा लिहितेच.

पेंटर हात जोडून सांगत होता, "ताई, आधी हलका मारतात, सगळ्या दुनियेत आधी हलका मारतात." मी त्याला गप्प केलं. माझ्या सासऱ्यांच्या शब्दापुढे तुमची दुनिया ठेवा बाजूला, असं म्हणाले मी. सगळी गाडी हिरवी केली. दिसली सुंदर, खोटं कशाला बोलू? मग खालचं सगळं वर्तमानपत्राने झाकलं आणि वर साय मारायला घेतली. पहिला हात, हिरवा दिसतोय. दुसरा हात, आजाऱ्याच्या चेहऱ्यासारखा रंग. मारत गेलो, मारत गेलो, थर जाड झाला. पट्टी ओढली तर तिच्याबरोबर सायीची कड फाटून आली, भांड्यातून साय उचलावी तशी. आणि खालच्या हिरव्यावर कागदाचा छाप. दारावर उलट्या अक्षरात कुणाच्या तरी घर भाड्याने देण्याची जाहिरात वाचता येते. पेंटर खाली मान घालून गन धुवायला लागला. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

मग मी तुमची सगळी पत्रं समोर घेऊन बसले. जानेवारीत तुम्ही स्वतः लिहिलंत, हलका आधी, गडद नंतर, झोपेतून उठवलं तरी सांगेन. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. रेष खाली, मग वर, मग खाली. चांगला प्रायमर पुन्हा घासायला लावलात. रबराचं विचारत राहिलात, जसं काही मी लिहिलेलं तुम्ही वाचतच नाही. आणि ते पहिल्या पत्रातलं वाक्य: गाडी झाली की तू कशाला मला लिहिशील? मी ती थट्टा समजले होते.

तुम्हाला ही गाडी व्हायलाच नको आहे. मला झुलवत ठेवायचं आहे. मी दिवसभर शिवते आणि संध्याकाळी पत्रा घासते, ते ह्यांचा शब्द अपुरा राहू नये म्हणून. तुमच्याच मुलाचा शब्द. ह्यांच्या मागे या घरातलं एक माणूस माझं उरलंय असं मला वाटत होतं. मला स्पष्ट सांगा, हे मुद्दाम केलंत का?

तुमची सून


१४ एप्रिल

सूनबाईस,

होय. मुद्दाम केलं.

तू बरोबर ओळखलंस. साय आधी मारतात हे मला माहीत नसेल का? मी पट्टीवाला होतो. तू लिहिलंस तसंच आहे सगळं, रेष वर-खाली मीच केली, प्रायमर मीच घासायला लावला, सगळं समजून-उमजून. गाडी संपली की पत्रं संपतील, म्हणून. इथे मला कुणाचं पत्र येत नाही. पोस्टमन खाली आला की मी जिन्यात जाऊन उभा राहतो.

म्हातारा लबाड निघाला, असं समज. तुझी मेहनत फुकट गेली त्याचं मला वाईट वाटतं, ते मात्र खरं. गाडी आता भंगारवाल्याला देऊन टाक. राजेंचा शब्द मी माफ करतो. मुलाचा शब्द बापाने माफ केला तर चालतं.

यापुढे मला लिहिलं नाहीस तरी मी समजेन.

बाबा

ता.क. मागच्या काचेचा रबर आणलास का?


२९ एप्रिल

वहिनी,

ऑफिसातून लिहिते आहे, जेवणाच्या सुट्टीत. घरून फोन करता येत नाही, कारण बाबांना ऐकू येत नसलं तरी ते समोर बसून ओठ वाचतात. आणि मला त्यांनी शपथ घातली आहे. ती मोडते आहे.

त्यांचं शेवटचं पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं होतं. मी ते उघडून वाचलं. वहिनी, ते खोटं आहे. त्यांनी मुद्दाम काही केलेलं नाही. त्यांना आठवत नाही.

गेल्या वर्षभरात वाढत गेलं. दादाच्या जाण्याने झालं असेल असं मला वाटायचं. खाली केस कापायला जातात आणि येताना लिफ्टमध्ये उभे राहतात, कारण आपला मजला कुठला ते सुचत नाही. कुणी आलं की "आधी तुमचं बटण दाबा" म्हणतात आणि स्वतःचा मजला आठवायची वाट बघतात. मी एकदा खाली जाऊन पाहिलं तेव्हा कळलं, माणूस किती वेळ असा सभ्यपणा करत उभा होता. डॉक्टरांना दाखवलं. हे असंच वाढत जाणार, म्हणाले.

तुझी पत्रं ते कपाटात नीट ठेवतात. पण स्वतः काय लिहिलं ते त्यांच्याकडे नसतं ना! मग प्रत्येक वेळी नव्याने लिहायचे. कधी बरोबर यायचं, कधी नाही. तू रंगाचं पक्कं करायला सांगितलंस तेव्हा ते दिवसभर अस्वस्थ होते. मला विचारत होते, "आधी काय गं? आधी काय?" मला काय कळतंय त्यातलं? मग कुणाला तरी दटावावं तसं ते पत्र लिहिलं.

तुझं रागाचं पत्र आलं त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी म्हटलं, बाबा, वहिनीला खरं सांगूया. तर म्हणाले, "तिला वाटतंय मी लबाड आहे. लबाड चालेल. वेडा नको." ता.क.मध्ये रबराचं विचारलंय ते तुला डिवचायला नाही गं.

अजून एक सांगते. औषधाच्या पेटीतला चिकटपट्टीचा रोल त्यांनी संपवला. जेवणाच्या टेबलाच्या कडेने पट्ट्या लावत बसतात. मी चिडून काढायला गेले आणि थबकले. टेबलाची ती कड वाकडी आहे, सुताराने तशीच दिली होती. पट्टी सरळ होती. फूटपट्टी लावून बघितली मी.

हे सगळं मी तुला सांगितलं हे त्यांना कळू देऊ नकोस. भंगारवाल्याचं तुझं तू ठरव. मी काहीच म्हणणार नाही.

तुझी वन्सं


८ मे

ती. बाबांना नमस्कार,

तुम्ही गुन्हा कबूल केलात, चांगलं झालं. आता शिक्षा ऐका.

सुनेला मुद्दाम फसवल्याबद्दल तुम्ही स्वतः इथे यायचं आणि पट्टी स्वतःच्या हाताने लावायची. कागदावर लिहून काही पाठवायचं नाही. लांब बसून उंटावरून शेळ्या हाकणं पुरे झालं. वन्सं तुम्हाला आणून सोडतील, मी त्यांच्याशी बोलले आहे. माघारी केव्हा जायचं ते मी ठरवणार, कारण शिक्षा माझी आहे.

गाडी भंगारात गेलेली नाही. पेंटर आणि मी मिळून सगळा रंग पत्र्यापर्यंत उतरवला. तो माझ्यावर अजून थोडा घुश्शात आहे, पण रोज येतो. पुन्हा प्रायमर दिला. साय तुम्ही यायच्या आत मारून, वाळवून ठेवते. बाटली तुमच्या पट्टीनंतर.

रबर आणला आहे. नवा, चांगला, माळ्यावर ठेवला आहे. त्याची काळजी करू नका.

उजव्या बाजूला माणूस लागेल ना? ती मी.

रागाच्या पत्रात मी जे शेवटी लिहिलं, ते मी मागे घेते. माझं माणूस आहे तिथेच आहे.

तुमची टेलरबाई


१६ मे

टेलरबाई,

शिक्षा मान्य.

पट्टी कागदी आण, कापडी नको. पेंटरला सांग, पट्टी ओढताना मध्ये बोलायचं नाही. मी येतो.

तिकडे आल्यावर मला काही विसरलं-बिसरलं तर हसायचं नाही.

बाबा


१० जून

वन्सं,

तुम्ही बाबांना इथे सोडून गेलात तेव्हा मी तुम्हाला "कामाचं नंतर सगळं लिहिते" म्हणाले होते. गाडी झाली. शिवणाच्या कामातून आज हात मोकळा झाला, म्हणून लिहायला बसले.

पहिले काही दिवस ते शेडच्या दारातच उभे राहायचे. आत येईनात. मला वाटायचं, उगाच आणलं, हा माणूस इथे आणखी हरवून जाईल. पेंटरलाही मी काही सांगितलं नव्हतं, पण तो समजला असावा. एरवी अखंड बडबडणारा माणूस, त्यांच्यासाठी दारात स्टूल ठेवून आपल्या कामाला लागायचा.

मग एका सकाळी ऊन चांगलं होतं आणि मी शेडची दोन्ही दारं उघडली होती. बाबा आत आले. सायीवरून अंगठा फिरवला. मला विचारलं, "ही पहिल्या पाळीची का?" मी हो म्हटलं. त्यांनी रोल उचलला, टोक नखाने सोडवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "उजव्या, पलीकडे हो."

मी हसणार होते. मला वाटलं, थट्टा करताहेत. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती. वन्सं, त्या क्षणी मी त्यांची कुणी नव्हते, सून नाही, टेलरबाई नाही. मला फार एकटं वाटलं, हे तुम्हाला सांगते. पण पट्टी धरायला कुणीतरी हवं होतं. मी दुसरा रोल घेतला आणि पलीकडे गेले.

बॉनेटच्या टोकाला ते म्हणाले, "सुट." आणि आम्ही दोघं निघालो. मध्ये गाडी, पलीकडे त्यांचं डोकं दिसतंय. "दाबू नकोस, नुसती ठेवत चल. वळणावर श्वास सोड." त्यांचा हात एकदाही थरथरला नाही. घास तोंडाशी नेताना थरथरतो, तोच हात. रेष कंगोऱ्याच्या खाली की वर, मी विचारलं नाही. त्यांनाही विचार करावा लागला नाही. पट्टी आपोआप बोटभर खाली गेली आणि तशीच मागेपर्यंत राहिली. मी त्यांच्याकडे बघून माझी ओढत होते. मला कापडाच्या कडेची सवय, तिचा उपयोग झाला.

केबिनच्या मागे, काचेखाली, आम्ही भेटलो. माझी पट्टी त्यांच्यापेक्षा नखाएवढी वर आली होती. मी ती उचलायला बोट घातलं तर त्यांनी हातावर चापट मारली. "राहू दे. फोरमनला काही बोलायला नको का?" मी म्हटलं, "साहेब, संसार चालतो की नाही ते बघा." वन्सं, बाबा इतके हसले, इतके हसले की स्टुलावर बसावं लागलं. डोळे पुसत मला म्हणाले, "तुला आठवतंय अजून?" मी म्हटलं, "मग? आठवणार नाही?"

पेंटरने बाटली मारली. रंग ओला असतानाच बाबांनी एका दमात पट्टी ओढली. पेंटर खाली वाकून ती रेष बघत राहिला आणि इतकंच म्हणाला, "ताई, हे जपून ठेवायला हवं होतं कुठेतरी." त्याला रेष म्हणायची होती की हात, ते मी विचारलं नाही.

आता गाडी दारात उभी असते. रबर बसवला, काचा बसवल्या, चालते. रोज सकाळी बाबा चहाचा कप घेऊन बाहेर येतात, थबकतात आणि विचारतात, "गाडी कुणाची?" मी म्हणते, "तुमची." ते म्हणतात, "चल, पट्टीवाल्याची कुठली गाडी!" मी सांगते, "तुमचीच. राजेंनी दिली." मग त्यांचा चेहरा जो फुलतो, तो तुम्ही बघायला हवा. रोज, अगदी नव्याने. एक दिवसही चुकलेला नाही. मी सकाळी त्या वेळेला दुकान उघडत नाही.

राजे कुठे आहेत, हे मात्र त्यांनी अजून विचारलेलं नाही. परवा ते गाडीत बसले, शेजारच्या सीटवरची धूळ हाताने झाडली आणि रस्त्याकडे बघत राहिले, कुणी यायचं असल्यासारखे. मी जाऊन किल्ली लावली आणि त्यांना बाजारापर्यंत फिरवून आणलं. पण एक दिवस ते विचारणार. रोज सकाळी विचारू लागले, तर रोज सकाळी मला सांगावं लागणार. माझ्याच्याने ते होईल असं मला वाटत नाही. काय सांगायचं ते तुम्ही कळवा. तुमचा तो भाऊ होता.

तोवर त्यांना इथेच राहू द्या. तुमची हरकत नसेल तर नंतरही.

तुमची वहिनी

ता.क. कुणाला लिहितेस, म्हणून बाबा मघापासून विचारताहेत. तुमचं नाव सांगितलं तर मलाही चार ओळी लिहायच्या म्हणाले. खाली त्यांनीच लिहिलं आहे.

पोरी, सुट्टी काढून एकदा गाडी बघायला ये. साय आणि बाटली. काम चांगलं झालंय, पट्टी बहुतेक माझीच असावी. माझी आहे म्हणतात.